मरुभूमीतील दौड आणि देहाचा जमाखर्च

पहाटे साडेपाचच्या सुमारास खारघरच्या टेकडीचा रस्ता जागा होतो. कोणी पेन्शनर काठी टेकीत सावकाश चढत असतात, कोणी जोडपी गप्पा मारीत वळणावळणाने जात असतात, आणि त्यांच्यामधून पाठीवर लहानशी पिशवी आवळलेले, घामाने निथळणारे काही लोक धावत वर जातात, खाली येतात आणि लगेच पुन्हा चढू लागतात. एकच टेकडी एका सकाळी सहासहा वेळा चढणाऱ्या ह्या मंडळींना कसले वेड लागले आहे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडला तर त्यात नवल नाही. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस तर तो पडतोच. मुलगा किंवा सून एके दिवशी सांगते की, वाळवंटातून अडीचशे किलोमीटर धावावयास जावयाचे आहे. आणि मग घरात प्रथम हसे होते, नंतर वाद होतो, आणि शेवटी काळजी उरते. ती काळजी अनाठायी नाही. परंतु ती डोळस असावी, एवढ्यासाठी ह्या दौडीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

मॅरेथॉन ही ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिच्याहून लांब पल्ल्याच्या कोणत्याही दौडीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. त्यांतही अनेक दिवस चालणाऱ्या दौडींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सकाळी निघावयाचे, ठरलेला टप्पा गाठावयाचा, रात्री मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावयाचे. आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर ‘मजल दरमजल’ जावयाचे. दुसऱ्या प्रकारात घड्याळ अहोरात्र चालू असते. झोपावे किती आणि धावावे किती हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

ही कल्पना महाराष्ट्रास अगदीच परकी नाही. तारायंत्र येण्यापूर्वी राज्याचा कारभार पायांवर चालत असे. पेशवाईत महत्त्वाची पत्रे जासुदांच्या जोडीने जात, आणि डोंगर, नद्या व उन्हाळे ओलांडीत ही माणसे दिवसामागून दिवस वाट तुडवीत. १६६० सालच्या जुलै महिन्यात भर पावसातल्या रात्री शिवाजी महाराजांची पालखी घेऊन पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या मावळ्यांनी घाटवाटांतून साठांहून अधिक किलोमीटरांचा पल्ला गाठला, तो कोणत्याही बक्षिसासाठी नव्हे. आधुनिक काळातील दाखलाही मोठा मनोरंजक आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यांतील धावपटू सर दोराबजी टाटा ह्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांतूनच १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू पाठविण्याची खटपट झाली. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ह्यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा थोडा लांब, म्हणजे पाऊण किलोमीटर कमी ४३ किलोमीटर नव्हे, तर नेमका ४२.७५ किलोमीटरांचा होता. म्हणजे दूर धावण्याची कुवत ह्या मातीत होती. नवीन आहे ते तिच्यामागचे शास्त्र.

वाळवंटातील आजच्या दौडींत सर्वांत प्रसिद्ध असलेली शर्यत मोरोक्को देशात सहाराच्या वाळूत होते. पात्रिक बोये नावाच्या एका फ्रेंच तरुणाने १९८४ साली अन्नपाणी पाठीवर घेऊन एकट्याने सहारा पायी ओलांडला, आणि त्या अनुभवावरून १९८६ साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी जेमतेम तेवीस जण उभे राहिले. पुढे ही संख्या हजाराच्या घरात गेली. पल्ला सुमारे २५० किलोमीटरांचा, म्हणजे ठाण्याहून निघून साताऱ्याच्या पलीकडे जाण्याइतका. त्यात एक मजल एकटीच ऐंशी किलोमीटरांच्या आसपास असते. पाणी आणि रात्रीचा तंबू तेवढा व्यवस्थापक पुरवितात. बाकी सर्व आठवड्याची शिदोरी, अंथरूण, दिवा, होकायंत्र, शिटी, औषधे ज्याची त्याने पाठीवर वाहावयाची. दर दिवसास किमान २,००० उष्मांकांचे अन्न जवळ असलेच पाहिजे असा तेथील दंडक आहे.

ह्या दंडकाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. धावताना माणसास दर किलोमीटरास वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक उष्मांक खर्च होतो. साठ किलो वजनाच्या माणसास २५० किलोमीटरांसाठी १५,००० उष्मांक लागतील. नुसते जिवंत राहण्याचा सात दिवसांचा खर्च आणखी सुमारे १०,०००. एकूण खर्च २५,००० आणि शिदोरी १४,००० ची! उरलेली ११,००० ची तूट देहाने आपल्या चरबीच्या ठेवीतून भरून काढावयाची. वाळूत पाय रुततात आणि पाठीवर ओझे असते, म्हणून खरा खर्च ह्याहूनही अधिक. तथापि अन्नाची तूट सहसा माणसास मारीत नाही; चरबीची ठेव बहुतेकांजवळ पुरेशी असते. मारते ती दुसरीच गोष्ट, आणि ती म्हणजे उष्णता.

मनुष्यदेह हे एक यंत्र मानले तर ते फारसे काटकसरीचे नाही. धावण्यात जी शक्ती खर्च होते तिच्यापैकी सुमारे चतुर्थांशच पाय पुढे टाकण्याच्या कामी येते. बाकीचे तीन भाग उष्णता होऊन अंगातच राहतात. ताशी दहा किलोमीटर धावणाऱ्या साठ किलोच्या माणसाच्या अंगात तासाला सुमारे ४५० उष्मांकांची अशी उष्णता निर्माण होते. त्याच्या देहाचे तपमान एक अंशाने वाढावयास सुमारे ५० उष्मांक पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा सर्वस्वी बंद झाल्या तर सदतीस अंशांचा देह अर्ध्या तासाच्या आत एक्केचाळीस अंशांवर पोहोचेल. चाळीस अंशांच्या वर मेंदूचा कारभार ढासळू लागतो, आणि ह्यासच उष्माघात म्हणतात. माणूस असंबद्ध बोलतो, लडखडतो, चिडतो, नको त्या दिशेस जातो. घाम थांबला म्हणजेच उष्माघात, ही सर्वसाधारण समजूत श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातास लागू पडत नाही. अंग घामाने ओलेचिंब असतानाही तो गाठू शकतो.

ह्या संकटातून सोडविणारा मित्र म्हणजे घाम. परंतु घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो सुमारे ५८० उष्मांकांची उष्णता घेऊन जातो. तोच थेंबाथेंबाने जमिनीवर गळून पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. येथेच वाळवंट आणि कोकणपट्टी ह्यांमधील भेद ध्यानात येतो. सहाराची हवा कोरडी असते. तेथे घाम आला न आला तोच उडून जातो. अंग कोरडे भासते, आणि त्यामुळे देहातील पाणी किती गेले ह्याचा पत्ताच लागत नाही. तेथील धोका तहानेचा. खारघरास पनवेलची खाडी जवळ. हवेतच पाणी इतके भरलेले की, घामास वाळावयास जागा उरत नाही. तपमान पाहिले तर सहाराहून पाचसात अंशांनी कमी. पण कपाळावरून धारा वाहत असूनही देह निवत नाही. येथील धोका उष्णता आत कोंडण्याचा. ‘आम्ही काय वाळवंटात राहतो?’ असे म्हणून उन्हाकडे दुर्लक्ष करणाऱ्या किनाऱ्यावरील माणसाने हा भेद विसरता कामा नये.

ह्या भेदाची किंमत खारघरने फार मोठी मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी येथील उघड्या मैदानावर एका पुरस्कारसमारंभासाठी लाखो माणसे जमली होती. माथ्यावर छप्पर नव्हते, आणि सकाळपासून दुपारपर्यंत ती माणसे उन्हात बसून होती. त्या दिवशीच्या उष्म्याने अखेर १४ जणांचे प्राण गेले. त्यांपैकी कोणीही धावत नव्हते, डोंगर चढत नव्हते, की कोणाशी स्पर्धा करीत नव्हते. ती भाविक, साधी माणसे केवळ बसली होती. वाळवंटातील धावपटू जे शास्त्र हौसेने शिकतो, ते प्रत्येक घरास ठाऊक असणे का आवश्यक आहे, हे ह्यापेक्षा निराळे सांगावयास नको.

ते शास्त्र थोडक्यात असे. पहिली गोष्ट सराव. उन्हाची सवय देहास दहा ते चौदा दिवसांत लागते. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केल्यास घाम लवकर येऊ लागतो, अधिक येतो, आणि त्यातून मीठ कमी जाते. पंख्याखालून उठून एकदम उन्हात जाणाऱ्यास ही सवलत नसते. दुसरी गोष्ट वेग. ऊन चढले की गती उतरविलीच पाहिजे. घड्याळाकडे पाहून नव्हे, तर श्वासाकडे पाहून चालावयाचे. तिसरी गोष्ट उपचार. कोणी भोवळून पडले, बरळू लागले, तर त्यास आधी थंड करावे आणि मग हलवावे. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा; मोठ्या टबात गार पाण्यात बसविता आले तर उत्तमच. मान व काखा ह्यांत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत हात बांधून बसू नये. येथे मिनिटांचे मोल असते.

पाण्याविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘भरपूर पाणी प्या’ हा उपदेश जितका लोकप्रिय तितकाच अपुरा आहे. घामाबरोबर मीठही जाते, आणि तासन्‌तास नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण पातळ होते. डोके दुखते, मळमळते, हातपाय सुजतात, आणि वेळीच ओळखले नाही तर मेंदूस सूज येऊन मृत्यूही ओढवतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची परीक्षा केली तेव्हा शेकडा तेरांच्या रक्तात मीठ अवाजवी कमी झालेले आढळले. म्हणून तहानेस साक्षी ठेवून प्यावे, आणि दीर्घ श्रमात पाण्याबरोबर मिठाची सोय असावी. घरातले लिंबूसरबत मीठसाखर घालून, किंवा मिठाचे ताक, ह्यांची योग्यता ह्या बाबतीत कोणत्याही रंगीत बाटलीहून कमी नाही.

वाळवंटातील दुसरा शत्रू म्हणजे वाट चुकणे. १९९४ साली मावरो प्रोस्पेरी नावाचा इटलीचा पोलीस ह्याच सहाराच्या शर्यतीत उतरला होता.  बळात कमी नव्हता. वाळूचे वादळ उठले, आणि वाळूत गाडले जाऊ नये म्हणून तो जागा बदलत राहिला. वादळ निवळले तेव्हा खुणा पुसल्या गेल्या होत्या. एका ओसाड दर्ग्यात त्याने आसरा घेतला, तेथील वटवाघळांवर आणि स्वतःच्या मूत्रावर दिवस काढले. नऊ दिवसांहून अधिक काळ भटकून तो सापडला तो शेजारच्या अल्जीरिया देशाच्या हद्दीत, आणि पंधरा किलोंहून अधिक वजन गमावून. पहाटेच्या गारव्यात चालणे आणि दुपारी सावलीत पडून राहणे, ह्या वाळवंटी लोकांच्या जुन्या रीतीनेच तो तगला. बळापेक्षा रीत मोठी ठरली.

वाळवंट म्हटले की ऊन डोळ्यांपुढे येते. परंतु वाळवंट थंडही असते. लडाख हे त्याचे हिंदुस्थानातील उदाहरण. तेथे नुब्रा खोऱ्यात वाळूच्या टेकड्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर बर्फाचे डोंगर. २०१० साली ह्या प्रदेशात २२२ किलोमीटरांची एक अखंड दौड सुरू झाली. पहिल्या वर्षी तिघे निघाले, आणि एकच शेवटास पोहोचला. पुढे तिच्यात ३३३ किलोमीटर ७२ तासांत आणि ५५५ किलोमीटर १३२ तासांत, असे आणखी कठीण पल्ले जोडले गेले. वाटेत खारदुंग ला ही खिंड लागते. तिची उंची सुमारे ५,३५० मीटर, आणि तेथे दर श्वासास मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा.

खारघरच्या टेकडीवर कितीही फेऱ्या मारल्या तरी ह्या विरळ हवेची सवय होत नाही, हे तेथे जाणाऱ्याने नीट समजून असावे. पाय टेकडीवर तयार होतात. रक्त मात्र त्या उंचीवरच जाऊन तयार व्हावे लागते. विमानाने लेहला उतरले की माणूस एकदम साडेतीन हजार मीटरांवर येतो. तेथे पहिले दोनतीन दिवस विश्रांतीच घ्यावी, आणि पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे. डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली सूचना. चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही शेवटची. त्यावर औषधाहून खात्रीचा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

डोंगराचा आणखी एक दगा गारठ्याचा. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात रुक्ष, डोंगराळ मुलखातून १०० किलोमीटरांची एक दौड होती. १७२ जण हलक्या कपड्यांत निघाले. दुपारी हवा एकाएकी फिरली. बोचरा वारा, पाऊस आणि गारा ह्यांनी त्यांना उघड्या चढावर गाठले. वारा अडविणारा अंगरखा जवळ असलाच पाहिजे, अशी सक्ती तेथे नव्हती. गारठून २१ जण मरण पावले, आणि त्यांत त्या देशातील नामांकित धावपटूही होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो स्वतः पावसापासून एका गुहेत आडोशास बसला होता. त्याने त्यांना आत घेतले, शेकोटी पेटविली आणि पांघरुणे दिली. जी गोष्ट मेंढपाळास उपजत ठाऊक होती, म्हणजे हवा फिरली की आसरा शोधावा, ती शर्यतीच्या भरात शिकल्यासवरल्या माणसांच्या लक्षात आली नाही.

पाय आणि झोप ह्यांविषयी फार सांगावयास नको. वाळू बुटात शिरते, घामाने त्वचा मऊ पडते, फोड येतात, आणि अनेकांची शर्यत हृदयाने नव्हे तर टाचेने संपते. म्हणून बूट थोडे मोठे घेतात, त्यांवर वाळू अडविणारी कापडी वेष्टने बांधतात आणि रोज रात्री पाय धुऊन तपासतात. दोन रात्री जागून काढल्या की दगडांत माणसे दिसू लागतात. त्यावर वीस मिनिटांची डुलकी हाच उतारा. अन्नाची स्वच्छता ही गोष्टही तितकीच थोर. २०२१ साली सहाराच्या शर्यतीत पोटाच्या विकाराची साथ पसरली, उन्हाचा ताप त्यात मिळाला, आणि निम्म्याच्या आसपास स्पर्धक वाटेतच थांबले.

इतके सारे असूनही ह्या दौडी पार पाडणारी माणसे आहेत, आणि ती काही निराळ्या धातूची नसतात. पुण्याचे आशिष कासोदेकर ह्यांनी लडाखची ५५५ किलोमीटरांची दौड पुरी केली, आणि त्यानंतर २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २०२२ च्या जानेवारीअखेरीपर्यंत साठ दिवसांत साठ मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम नोंदविला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. हा पराक्रम एका दिवसाच्या जोराचा नव्हे. उद्या पुन्हा धावावयाचे आहे हे ध्यानात ठेवून आजचा वेग आवरण्याचा आहे. पहिल्या मजलेत सर्वस्व उधळणारा तिसऱ्या मजलेस उरत नाही. जो खर्च करताना शिल्लक पाहतो तोच शेवटास जातो.

म्हणून घरच्या मंडळींनी धावावयास निघालेल्यास अडवू नये, आणि आंधळेपणाने पाठही थोपटू नये. त्यांनी त्यास तीन प्रश्न विचारावेत. हवेची आणि उंचीची सवय करून घेण्यास दिवस राखून ठेवले आहेत काय? मीठपाणी, पांघरूण आणि वाट दाखविणारे साधन ह्यांची तजवीज झाली आहे काय? आणि कोणत्या खुणा दिसल्या की मागे फिरावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरले आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण तपमान चढल्यावर किंवा प्राणवायू उणा पडल्यावर ज्या मेंदूने निर्णय घ्यावयाचा, तोच प्रथम बिघडतो. तेव्हा तो निर्णय थंड डोक्याने घरीच करून जावा, आणि सोबत्यास सांगून ठेवावा. मागे फिरलेला धावपटू पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहू शकतो.

टेकडीवरचा सूर्य एव्हाना वर आलेला असतो. पाठीवर पिशवी बांधलेला एखादा धावपटू सहाव्या फेरीस निघता निघता थांबतो, घोटभर पाणी पितो, ऊन किती चढले ते पाहतो, आणि फेरी अर्धवट सोडून घरच्या वाटेस लागतो. बघणाऱ्यास वाटते, हा थकला. वास्तविक त्या सकाळचा सर्वांत मोलाचा धडा त्याने त्याच क्षणी गिरविलेला असतो.